ब्लॉसफेल्डिया: बटणाएवढ्या निवडुंगाची लागवड, बी पेरण्यापासून बी धरण्यापर्यंत

शर्टाचं एखादं साधं बटण तळहातावर ठेवून बघा. जगातला सर्वांत लहान निवडुंग पूर्ण वाढल्यावर जवळपास तेवढाच असतो. रानात त्याच्या एका गोळ्याचा व्यास सहसा १० ते १२ मिलिमीटर भरतो. त्याला काटे, कंगोरे किंवा उंचवटे काहीच नसतात. करड्या-हिरव्या चपट्या गोळ्यावर पांढऱ्या लोकरीचे बारीक ठिपके मळसूत्रासारखे फिरत गेलेले असतात, एवढंच. नाव मात्र चांगलं लांबलचक आहे: ब्लॉसफेल्डिया लिलिपुटाना.

निवडुंगांची आवड असलेल्या बहुतेकांच्या हातून ही वनस्पती एकदा तरी मेलेली असते. माझ्याकडे पहिल्या तीन पेरण्या गेल्या. तेव्हा मला वाटायचं की झाड नाजूक आहे. पुढे कळलं की झाड भलतंच चिवट आहे, फक्त त्याची आयुष्यं दोन आहेत. पहिलं दीड-दोन वर्षांचं, त्यात ते एक दिवसही कोरडं पडलेलं चालत नाही. दुसरं त्यानंतरचं, त्यात ते वारंवार कोरडं पडायलाच हवं. एका आयुष्याचे नियम दुसऱ्याला लावले की झाड हातचं गेलं. या लेखातली सगळी कामं या एका गोष्टीभोवती फिरतात.

आधी झाड समजून घेऊ

हॅरी ब्लॉसफेल्ड हा जर्मन संग्राहक १९३०च्या दशकात दक्षिण अमेरिकेत वनस्पती शोधत हिंडला आणि पुढे ब्राझीलमध्येच स्थायिक झाला. उत्तर आर्जेन्टिनातल्या हुहुई प्रांतात त्याला हे झाड सापडलं आणि १९३७ साली जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ एरिख वेर्डरमान यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. प्रजातीला शोधकाचं नाव मिळालं. जातीचं नाव आलं ते जोनाथन स्विफ्टच्या गलिव्हरच्या गोष्टीतल्या बुटक्यांच्या लिलिपुट देशावरून.

त्याचं मूळ घर म्हणजे अँडीज पर्वताचा पूर्व उतार, दक्षिण बोलिव्हियापासून वायव्य आर्जेन्टिनापर्यंत. सपाट वाळवंटात ते सापडत नाही. उभ्या कड्यांच्या चिरांमध्ये, पाटीच्या दगडाच्या फटींमध्ये, कधी धबधब्याच्या आसपासच्या खडकांवर ते राहतं. जाड सोटमूळ फटीत खोल गेलेलं असतं आणि गोळ्याचा माथा तेवढा खडकाच्या पातळीला दिसतो. उन्हाळ्यात तिथे पाऊस पडतो, कड्यावरून पाणी झिरपतं, आणि काही तासांत किंवा दिवसांत निघून जातं. हिवाळा कोरडा असतो आणि रात्री कडाक्याच्या थंड. जागा उभी असल्यामुळे दिवसभराचं ऊन क्वचितच लागतं. खुल्या माळावरच्या निवडुंगाचं आणि याचं राहणीमान म्हणूनच फार वेगळं आहे.

त्याच्या शरीराची गोष्ट आणखी विलक्षण आहे. निवडुंग म्हटलं की जाड मेणचट साल आणि आत साठवलेलं पाणी आपल्या डोळ्यांसमोर येतं. ब्लॉसफेल्डियाला तशी जाड साल नाही, सालीखाली इतर निवडुंगांत असतो तो चिवट थरही नाही. पानांवर किंवा खोडावर हवा आत-बाहेर करणारी जी सूक्ष्म रंध्रं असतात, तीही तिच्यात जवळपास नाहीत. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ बार्थलॉट आणि पोरेम्ब्स्की यांनी १९९६ साली यावर शोधनिबंध लिहिला. पाणी धरून ठेवण्याऐवजी ही वनस्पती शेवाळासारखी किंवा काही नेच्यांसारखी वाळून बसते आणि पाणी मिळालं की पुन्हा फुगते, असं त्यांनी दाखवलं. कोरड्या काळात तिचा सुरकुतलेला चपटा चकता होतो, फटीत आत ओढला जातो, आणि महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो. अशा अवस्थेतलं रोप मेलं म्हणून फेकून देणारे खूप जण आहेत. मीही त्यांतलाच एक होतो.

वर्गीकरणात तिने बराच घोळ घातला. बियांच्या ठेवणीवरून तिला फार काळ पॅरोडिया या दुसऱ्या निवडुंगांच्या गोतावळ्यात बसवलं जायचं. वनस्पतिशास्त्रज्ञ रेटो निफेलर यांच्या २००२ सालच्या डीएनए अभ्यासात मात्र असं दिसलं की निवडुंगांच्या सर्वांत मोठ्या उपकुळातल्या बाकी सगळ्यांपासून हिची फांदी फार आधी वेगळी झाली. काही अभ्यासक तिला स्वतंत्र उपकुळ द्यायलाही तयार आहेत. बियांच्या याद्यांमध्ये अॅट्रोव्हिरिडिस, फेक्सेरी, मिनिमा, पेडिसेलाटा अशी वेगवेगळी नावं दिसतील. आता ही सगळी एकाच जातीची स्थानिक रूपं धरली जातात. गोळ्याचा आकार, रंगाची छटा आणि फुलाच्या देठासारख्या बारीक गोष्टींत थोडा फरक असतो. संग्रहासाठी गोळा करा हवं तर, पण चार नावं म्हणजे चार जाती असं समजून पैसे मोजू नका.

बी की रोप

माझं मत स्पष्ट आहे: बी. बाजारात मिळणारं स्वतःच्या मुळांवरचं मोठं, जुनाट, खडकाचे ओरखडे असलेलं रोप दिसलं तर ते कड्यावरून उपटून आणलेलं असण्याची शंका घ्या. जवळजवळ सगळं निवडुंग कुळ साइटिस करारात, म्हणजे धोक्यातल्या वन्य जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. ही जात त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात येते, म्हणजे रोप देशाबाहेर पाठवायला परवाना लागतो. तिच्या बियांना या करारातून सूट आहे, पण वनस्पती-विलगीकरणाचे नियम प्रत्येक देशाचे वेगळे असतात. बी परदेशातून मागवण्याआधी ते बघून घ्या. शिवाय उपटून आणलेल्या रोपाचं सोटमूळ तुटलेलं असतं आणि असं रोप बहुधा जगत नाही. सोपा पर्याय म्हणजे खात्रीच्या रोपवाटिकेतून कलम केलेलं रोप. त्याच्याबद्दल पुढे येईलच.

एक सल्ला मात्र आधीच देतो. निवडुंगाची बी आयुष्यात कधीच पेरली नसेल तर सुरुवात ब्लॉसफेल्डियापासून करू नका. रेब्युटिया किंवा जिम्नोकॅलिशियम या सोप्या निवडुंगांची एक पेरणी करून हात बसवा. त्यांच्या रोपांना चूक झालेली चालते. इथे ती सोय नाही.

पेरणीची तयारी

बी किती लहान? कागदावर ओतली तर तपकिरीची चिमूट वाटावी. एक दाणा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतो. म्हणजे त्यातून येणारं रोप टाचणीच्या टोकाएवढं, आणि त्याच्याजवळ साठवणीचं अन्न नसल्यातच जमा. सगळी अडचण इथूनच सुरू होते. अशा रोपाला वाढायला महिने लागतात, आणि शेवाळ व बुरशीला त्याच्यावर चढायला आठवडा पुरतो. म्हणून या पेरणीत स्वच्छता हे निम्म्याहून जास्त काम आहे.

लागणारं सामान असं: ५ ते ७ सेंटिमीटरची प्लॅस्टिकची नवी कुंडी, घट्ट बंद होणारी पारदर्शक पिशवी किंवा डबा, प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) किंवा बारीक खडी, थोडी चिकणमाती आणि एक बारीक चाळणी. पीट किंवा कोकोपीट मी घालत नाही. सेंद्रिय पदार्थ जितका जास्त, तितकी बुरशी आणि माश्या जास्त. खालच्या थरात चार भाग प्युमिस किंवा खडी आणि एक भाग चाळलेली चिकणमाती. वरचा एक सेंटिमीटरचा थर फक्त खनिजाचा, अर्धा ते एक मिलिमीटर दाण्याचा. याहून जाड दाणे घेतले तर बी फटींत खोल जाते आणि उजेड न मिळाल्यामुळे उगवत नाही. याहून बारीक भुकटी घेतली तर वर पापडी धरते. भुकटी धुऊन टाका. हा कंटाळवाणा भाग आहे, पण टाळू नका.

मिश्रण ओलं करून कुंडीत भरा आणि प्रेशर कुकरमध्ये अर्धा ते पाऊण तास वाफेवर ठेवा. साध्या प्लॅस्टिकची कुंडी कुकरमध्ये वाकडी होते, म्हणून मिश्रण वेगळ्या कापडी पुरचुंडीत वाफवलं आणि कुंडी उकळत्या पाण्याने धुतली तरी चालतं. मायक्रोवेव्हमध्येही ओलं मिश्रण काही मिनिटांत वाफाळतं. मग झाकून पूर्ण थंड होऊ द्या. पाणी उकळून गार केलेलं घ्या. पाणी क्षारयुक्त असेल तर फिल्टरचं कमी क्षारांचं किंवा स्वच्छ पावसाचं पाणी बरं. बंद पिशवीत वर्षभर तेच पाणी फिरत राहणार असतं, त्यामुळे सुरुवातीला आलेले क्षार शेवटपर्यंत तिथेच राहतात.

कुंडी त्या पाण्यात बुडती ठेवून खालून भिजवा. वरचा थर ओला दिसला की काढून निथळू द्या. आता पेरणी. कागदाला घडी घाला, घडीत बी घ्या, आणि कागदावर बोटाने हलकेच टिचकी मारत पृष्ठभागावर सोडा. पंखा बंद, खिडकी बंद, श्वासही जरा जपून. एकदा शिंक आली आणि एका पाकिटातलं अर्धं बी टेबलावर गेलं, ते कधी सापडलं नाही. बी मातीने झाकायची नाही. वरून पाणी फवारायचं नाही. नाव आणि तारखेची पट्टी आतच खोचा आणि पिशवी बंद करा.

पहिलं आयुष्य: बंद पिशवीतली दीड वर्षं

पिशवी २० ते २८ अंश सेल्सियसच्या जागी ठेवा. रात्री तापमान थोडं उतरलं तर चांगलंच. थेट उन्हात नको, कारण बंद पिशवी तासाभरात भट्टी होते. साधा पांढरा एलईडी दिवा २० ते ३० सेंटिमीटरवर, रोज १२ ते १४ तास, हे मला खिडकीपेक्षा भरवशाचं वाटतं. ताजं बी साधारण एक ते तीन आठवड्यांत उगवायला लागतं, काही दाणे बरेच उशिरा येतात. उगवण बघायला भिंग घ्या. भिंगाशिवाय पाहणारा माणूस महिनाभराने 'काहीच आलं नाही' म्हणून कुंडी रिकामी करतो.

रोपाचा रंग तुमच्याशी बोलतो. हिरवा म्हणजे ठीक. लालसर-तपकिरी म्हणजे उजेड जास्त, दिवा थोडा वर करा. फिकट आणि उंच ताणलेलं म्हणजे उजेड कमी. बाकी काही करायचं नाही, आणि हेच सर्वांत अवघड जातं. तीन महिन्यांनी ती एक मिलिमीटरच्या आसपास असतील. सहा महिन्यांनीही पाहुण्याला दाखवण्यासारखं काही नसेल. पिशवी सारखी उघडून बघण्याचा मोह होतो आणि प्रत्येक उघडण्याबरोबर शेवाळाचे बीजाणू आत जातात. मी पिशवीवर बाहेरून तारखा लिहितो आणि बाहेरूनच बघतो.

शेवाळ आलंच तर? कोपऱ्यात एखादा हिरवा ठिपका दिसला तर निर्जंतुक चिमट्याने त्या जागेची खडी उचलून काढा आणि पिशवी पुन्हा बंद करा. पूर्ण पृष्ठभाग हिरवा झाला असेल तर उरलेली रोपं हलवणं किंवा त्यांचं कलम करणं हाच मार्ग. या रोपांवर शेवाळ चढलं की ती गुदमरतात, ऊन देऊन शेवाळ वाळवायला जाल तर आधी रोपं वाळतात. बुरशीचे पांढरे धागे दिसले तर बुरशीनाशकाचं पाकिटावर दिलेल्या मात्रेच्या निम्मं पातळ द्रावण खालून द्या. इतक्या लहान रोपांवर पूर्ण मात्रा मी कधी वापरलेली नाही.

खत वर्षभरात दोन-तीनदा पुरतं. निवडुंगाचं द्रवखत, सांगितलेल्या मात्रेच्या फक्त पाव मात्रेत, तेही उकळून गार केलेल्या पाण्यात. त्याहून जास्त खत म्हणजे शेवाळाला पंगत.

आता या दोन आयुष्यांमधला उंबरठा. रोपं दोन-तीन मिलिमीटरची झाली, त्यांच्यावर लोकरीचे ठिपके दिसू लागले, की पिशवी उघडायची वेळ जवळ आली. हे वय एक ते दोन वर्षांच्या दरम्यान केव्हाही येतं. कॅलेंडर पाहू नका, आकार पाहा. पिशवीला टाचणीने दोन भोकं पाडा. दोन आठवड्यांनी आणखी चार. मग पिशवीचं तोंड थोडं उघडं. अशा रीतीने दोन-तीन महिन्यांत रोपं मोकळ्या हवेला सरावतात. माझी दुसरी पेरणी इथेच गेली. रोपं छान दिसत होती म्हणून पिशवी एकदम काढली, आणि चार दिवसांत त्यांची धूळ झाली. बिनसालीचं झाड दमट हवेत वाढलेलं असताना कोरड्या हवेत एकदम आलं की त्याला सावरायला वेळच मिळत नाही.

पिशवीतून बाहेर आल्यावर पहिले सहा महिने माती थोडीशीच वाळू द्या, पूर्ण नाही. मग दोन पाण्यांमधलं अंतर हळूहळू वाढवत न्या.

कलम: फसवणूक की विमा?

ब्लॉसफेल्डियाचं कलम करू नये, असं म्हणणारे शुद्धतावादी आहेत. त्यांचं एक म्हणणं खरं आहे. कलमावरचं झाड फुगतं, गोळे दोन-तीन पट मोठे होतात, आजूबाजूला पिल्लांचा ढीग लागतो, आणि मूळचा चपटा बटणासारखा बाज हरवतो. तरी प्रत्येक पेरणीतली चार-पाच रोपं कलमावर चढवावीत, असंच मी सांगेन. शेवाळाने किंवा माशीने कुंडी एका रात्रीत संपवली तरी तुमच्याकडे झाड शिल्लक राहतं. शिवाय कलमावरचं झाड लवकर फुलतं, बी देतं, आणि पुढच्या पेरणीला ताजं घरचं बी मिळतं.

लहान रोपांसाठी खुंट म्हणून, म्हणजे ज्याच्यावर कलम चढवायचं ते झाड म्हणून, पेरेस्किओप्सिस सर्वांत उपयोगी. हा पानं असलेला निवडुंग आहे, कांडीला सहज मुळं फुटतात आणि वाढ जोमदार असते. खुंट १० ते १५ सेंटिमीटर उंच, जोमात वाढणारा हवा. आदल्या दिवशी त्याला पाणी द्या. कोरड्या, थांबलेल्या खुंटावर कलम धरत नाही.

नवं ब्लेड स्पिरिटने पुसून घ्या. खुंटाचा शेंडा जिथे कोवळा आणि रसरशीत आहे तिथे आडवा काप द्या. वरची दोन-तीन पानं राहू द्या. मग रोप चिमट्याने न दाबता ब्लेडच्या टोकावरच घ्या आणि बुडापासून थोडं वर आडवं कापा. खुंटाच्या कापाला पुन्हा एक पातळ चकती काढून ताजा रस आणा आणि रोपाचा कापलेला भाग त्यावर ठेवा. दोन्हींच्या मध्यभागी वाहिन्यांचं कडं असतं. ती कडी एकमेकांना कुठेतरी छेदली पाहिजेत. रोप खुंटाच्या कडीपेक्षा लहान असल्यामुळे अगदी मधोमध ठेवलं तर ते गाभ्यावर बसतं आणि कडीला लागतच नाही. म्हणून किंचित बाजूला ठेवायचं. नवशिक्यांची बहुतेक कलमं इथे फसतात. बांधायची गरज नाही, रसाचा चिकटपणा पुरतो. सगळं काम काही सेकंदांत उरकायचं.

कलम केलेली कुंडी दमट बंद डब्यात, सावलीत, तीन ते पाच दिवस ठेवा. कापावर पाण्याचा थेंब पडता कामा नये. रोप टवटवीत राहिलं तर आठवड्याने डबा हळूहळू उघडा. दोन-तीन आठवड्यांत वाढ डोळ्यांना दिसते, आणि पिशवीतल्या त्याच्या भावंडांशी तुलना केली तर हसू येतं.

पेरेस्किओप्सिसला थंडी सोसत नाही, १० अंशांच्या खाली तो कुरकुरतो. शिवाय हा खुंट दोन-तीन वर्षांनी दमतो. म्हणून गोळा सेंटिमीटरभर झाला की त्याला जाड, टिकाऊ खुंटावर हलवा: हॅरिसिया जुस्बर्टी हा निवडुंग किंवा एकिनॉप्सिसपैकी एखादा जोमदार निवडुंग चालतो. या वेळी रबर बँडने हलका दाब द्यावा लागतो.

दुसरं आयुष्य: फटीतलं झाड

स्वतःच्या मुळांवरची रोपं चार-पाच मिलिमीटरची झाली की त्यांना कायमचं घर द्या. साध्या कुंडीतही ती जगतात, पण फट करून दिली तर रूप वेगळंच खुलतं. ८ ते १० सेंटिमीटर खोल कुंडी घ्या. पाटीच्या दगडाचे चपटे तुकडे उभे खोचा, दोन तुकड्यांमध्ये सेंटिमीटरभर अंतर ठेवा. फटीत तीन भाग बारीक खडी किंवा प्युमिस आणि एक भाग चिकणमाती भरा. तळाला भोक मोठं हवं.

रोप उपटायचं नाही. ओल्या काडीने त्याच्याभोवतीची खडी सैल करा, दोन-चार रोपांचा पुंजका मातीसकट उचला आणि फटीत बसवा. पुंजक्यात ती एकट्यापेक्षा बरी तगतात. सोटमूळ सरळ खाली जाईल एवढी खोल जागा करा, माथा दगडाच्या पातळीला ठेवा आणि भोवती बारीक खडी भरा. आठ दिवस पाणी देऊ नका. मग खालून भिजवा.

आता पाण्याचा मुख्य नियम: पाणी खालून, भरपूर, आणि मग पूर्ण कोरडं. वाढीच्या काळात ही फेरी हवामानानुसार एक ते दोन आठवड्यांची होते. गोळा तुम्हाला सांगतो. फुगून घट्ट आहे तोवर पाणी नको. चपटा होऊन कडेला बारीक सुरकुत्या आल्या की द्या. रोज थोडं थोडं शिंपडणं सर्वांत वाईट, कारण वरची माती ओली राहते, खालचं मूळ तहानलेलं, आणि शेवाळ खूश.

उजेड भरपूर पण गाळलेला. सकाळचं कोवळं ऊन चालतं. दुपारचं ऊन काचेमागे लागलं तर गोळे करपतात आणि ते डाग जात नाहीत. तापमान ३५ अंशांच्या वर गेलं की वाढ थांबते. त्या दिवसांत खेळती हवा आणि जास्त सावली द्या, पाणी कमी करा. रात्रीही उष्ण आणि दमट राहणाऱ्या हवेत हे झाड सर्वांत जास्त कुजतं. थंडीच्या हंगामात ५ ते १० अंश आणि पूर्ण कोरडं ठेवलं तर ते छान विश्रांती घेतं आणि पुढच्या हंगामात फुलं जास्त धरतं. कोरडं असेल तर थोड्या वेळाची, हलकी गोठवणारी थंडीही निभावतं, पण मुद्दाम परीक्षा घेऊ नका. हिवाळा जिथे उबदार असतो तिथेही दोन-तीन महिने पाणी जवळजवळ बंद ठेवावं.

या काळात गोळे करड्या चकत्या होतील आणि खडीत बुडाल्यासारखे दिसतील. जिवंत की मेलेलं, कसं ओळखायचं? काडीच्या टोकाने हलकेच दाबा. जिवंत चकता चामड्यासारखा, लवचीक आणि भरीव लागतो. मेलेला पोकळ कागदासारखा चुरडतो, किंवा तपकिरी होऊन मऊ पडतो. शंका असेल तर खालून एकदा भिजवून तीन आठवडे थांबा. थांबण्याने काहीही बिघडत नाही, आणि सुकलेल्या झाडाला घाबरून रोज पाणी घालण्याने नक्की बिघडतं.

कीड फार नाही, पण पिठ्या ढेकूण इथे लबाड ठरतो: त्याची पांढरी लोकर आणि झाडाची पांढरी लोकर सारखीच दिसते. मळसूत्राच्या रांगेत नसलेला पांढरा ठिपका दिसला की संशय घ्या आणि ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या बारीक कुंचल्याने पुसा. ओल्या मातीवरच्या बारीक काळ्या माश्यांच्या अळ्या लहान रोपं आतून खातात, त्यांच्यासाठी पिवळे चिकट कागद आणि वर कोरड्या खडीचा थर. मुळांवरचा पिठ्या ढेकूण पुनर्लागवडीतच कळतो, तेव्हा कुंडीच्या आतल्या कडेवर पांढरी पूड दिसते का ते बघा. पुनर्लागवड चार-पाच वर्षांतून एकदा पुरते.

फूल, फळ आणि पुढची पेरणी

गोळ्याच्या माथ्याजवळच्या एखाद्या लोकरीच्या ठिपक्यातून कळी येते. फूल पांढरट, कधी फिकट गुलाबी झाक असलेलं, लांबीला ६ ते १५ मिलिमीटर. म्हणजे झाडापेक्षा फूल मोठं, असंही घडतं. कुंचल्याने परागण करण्याची सहसा गरज पडत नाही. ही जात स्वतःच्याच परागाने फळते, एकच झाड असलं तरी बी मिळतं. दोन स्थानिक रूपं जवळ ठेवली असतील आणि शुद्ध बी हवं असेल तर मात्र कळ्या उमलण्याआधी जाळीने झाका.

फळ म्हणजे काही मिलिमीटरचा लोकरी गोळा. ते कधी पिकलं हे बाहेरून चटकन कळत नाही. फूल वाळून गेल्यावर रोज भिंगातून बघा. साल पातळ होऊन फुटायला आली की चिमट्याने उचलून पांढऱ्या कागदावर ठेवा. वाळू द्या, चुरा, बी चाळून घ्या आणि कागदी पाकिटात, कोरड्या थंड जागी ठेवा. जुन्या बीपेक्षा ताजं बी चांगलं उगवतं, म्हणून पुढच्याच हंगामात पेरून टाका.

घाई करायला आणखी एक कारण आहे. प्रत्येक बीच्या टोकाला एक मऊ, स्पंजासारखा गोळा चिकटलेला असतो, आणि मुंग्या त्याच्यासाठी बी उचलून नेतात. अँडीजच्या कड्यावर बी एका चिरेतून दुसऱ्या चिरेत पोहोचते ती अशीच. एका वर्षी मी फळ काढायला दोन दिवस उशीर केला, तर फळाची रिकामी साल तेवढी उरली होती. पुढच्या वर्षी शेजारच्या कुंडीतल्या एका नेच्याच्या बुंध्याशी, सावलीतल्या ओलसर दगडाला टेकून, तीन हिरवे ठिपके दिसले. भिंग लावल्यावर त्यांच्यावर पांढऱ्या लोकरीचे ठिपके दिसले. ना पिशवी, ना दिवा, ना वाफवलेली माती. ती कुंडी मी तिथून अजून हलवलेली नाही.